मशीन बोटं घेईना

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून 2018 च्या जूनमध्ये मी आमच्या महाविद्यालयात बायोमेट्रिक हजेरी बसवली. सांगताना मात्र ‘शिस्तीसाठी’ असं सांगितलं. प्राचार्य म्हणून माझी पहिली चूक हीच.

आदल्याच वर्षी मी स्टाफरूममध्ये मुंबई विद्यापीठावर तोंडसुख घेत होतो. 2017 च्या उन्हाळी परीक्षेच्या उत्तरपत्रिका त्यांनी पुरेशा तयारीविना संगणकावर तपासायला काढल्या. निकाल रखडले आणि ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. “आधी मशीन, मग विचार!” असं मी म्हणालो होतो. वर्षभरात मीही तेच केलं. आमचं कॉलेज लहान, म्हणून त्याची बातमी झाली नाही.

बीड जिल्ह्यात जन्म गेलेल्या माणसाला एवढं तरी कळायला हवं होतं. दिवाळी आली की वडवणी, धारूर, पाटोद्याकडचे तांडे, वाड्या ओस पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. गाड्या ऊसतोडीसाठी कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. रेशनच्या दुकानात झिजलेली बोटं मशीन घेत नाही आणि म्हातारी माणसं हात लुगड्याला, धोतराला पुसून पुन्हा पुन्हा लावत राहतात, हे तर मी रांगेत उभं राहून पाहिलं होतं. तरी मशीन घेताना मी फक्त दर विचारला.

फेब्रुवारीत बी.ए. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी केबिनच्या दाराशी उभी राहिली. हजेरी कमी म्हणून तिचा परीक्षा फॉर्म अडला होता.

“सर, महिना झाला रोज येते. मशीन माझी बोटं घेईना.”

“आणि त्याआधी?”

“आई बाजेवर पडली, सर. उचल घेतलेली. वडलांचा कोयता अर्धा राहिला असता.”

तिनं हात पुढं केला. जूनमध्ये नोंदवलेलं बोट दोन-अडीच महिन्यांच्या ऊसतोडीत घासून गेलं होतं. मी त्या हाताकडं नीट पाहिलंही नाही. स्क्रीन तिच्याकडं वळवून म्हणालो, “सिस्टीमच घेत नाही, मी काय करू?”

करता येत होतं. हजेरीत सवलतीची शिफारस करणं माझ्या हातात होतं. वर्गातल्या प्राध्यापकांना विचारणंही. पण एकीला सवलत दिली तर दहाजण येतील आणि नॅकपुढं आकडे बिघडतील, ही भीती होती. ती मी सिस्टीमच्या नावावर खपवली. मुलगी “बरं, सर” म्हणाली आणि गेली.

त्याच आठवड्यात फाटकासमोरच्या हॉटेलात आमची काही पोरं दिसली. सकाळी अंगठा लावून ती चहाला यायची आणि तिथूनच घरी जायची. त्यांची हजेरी नव्वद टक्क्यांवर होती. आणि मशीनमध्ये माझा स्वतःचा अंगठा कधी नोंदवलाच नव्हता. प्राचार्यांना कोण विचारणार?

आमच्या गुरुजींच्या पिढीत मराठवाड्यातली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. 23 ऑगस्ट 1958 ला औरंगाबादेत विद्यापीठ आलं ते इथल्या पोरांना शिक्षण जवळ यावं म्हणून. जवळ आलेलं ते दार मी माझ्या कॉलेजात एका यंत्राच्या भरवशावर लावून घेतलं.

पुढच्या वर्षी मी मशीनशेजारी कागदी हजेरीपट ठेवला. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची यादी दिवाळीआधीच करायला लागलो, परतल्यावर त्यांचे जादा तास लावले. माझंही बोट मशीनमध्ये नोंदवलं. ते पहिल्याच फटक्यात घेतलं गेलं. खडूशिवाय काही न उचललेलं बोट ते.

त्या मुलीनं पुढं परीक्षा दिली का, हे कार्यालयातल्या नोंदीत पाच मिनिटांत सापडलं असतं. निवृत्त होईपर्यंत मी ती नोंद काढायला सांगितली नाही.