तेराव्या महिन्याचा हिशेब

एका माणसाला वर्षाला किती गहू लागतो, याचं उत्तर पानिपतात घरोघरी तोंडपाठ असतं. माझी शेजारीण माणशी एक क्विंटल धरते आणि आल्यागेल्यासाठी वर एक पोतं. बैसाखी झाली, मंडीत नवा गहू उतरला, की आमच्या गल्लीतल्या गच्च्यांवर ताडपत्र्या पसरतात. गव्हाला कडक उन्हं दिली जातात आणि मग तो पत्र्याच्या टाकीत भरतात. टाकीला खालच्या अंगाला झाकणाचं तोंड असतं, तिथून लागेल तसा काढायचा. भरण्याआधी शेजारीण एक दाणा दाताखाली धरते. कटकन तुटला तर वाळला. नुसता दबला तर अजून एक ऊन. मग कडुलिंबाचा वाळवलेला पाला थराथरांत घालत ती टाकी भरते आणि झाकण लावून मोकळी होते. वर्षाची चिंता तिच्यापुरती मिटलेली असते.

माझी मिटत नाही. यंदा किती भरावा, ते ठरत नाही. घरातली माणसं तेवढीच, खाणं तेवढंच, गुणाकार सोपा. पण बारा महिन्यांचा आकडा मांडून झाला की त्याच्या पुढे तेरावा महिना येऊन उभा राहतो.

‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. रत्नागिरीकडच्या आमच्या घरात ती आजीच्या तोंडी सारखी असायची. गाय आटली, त्यातच पाहुणे आले, की तेरावा महिना. आजी स्वतः मात्र तेराव्या महिन्याला सापडणारी बाई नव्हती. आगोटीची बेगमी हा तिचा वर्षातला मोठा उद्योग होता. मे महिन्यात अंगणात पापड, फेण्या, कुरडया, आंबोशी, कोकमं. मिरच्या देठं काढून उन्हात, चिंच मीठ लावून बरणीत, सुकट-बोंबील वेगळ्या डब्यात, लाकडं पडवीत रचून. मृगाचा पाऊस कोसळला, पऱ्ह्ये भरून वाहू लागले, वाटा बंद झाल्या, तरी घर चालत राही. आता वाटतं, आजीचं काम एका अर्थानं सोपं होतं. तिला ठाऊक होतं की वाट बंद होणार आहे, कधी होणार आहे आणि नारळीपौर्णिमेच्या आसपास पुन्हा उघडू लागणार आहे. तिची टंचाई पंचांगात लिहिलेली होती. जी लिहिलेली नाही तिच्यासाठी किती भरायचं, हे तिने मला शिकवलं नाही. कदाचित तिलाही कुणी शिकवलं नसावं.

तेरावा महिनाही पंचांगात लिहिलेलाच असतो, आणि इथेच ही म्हण मला अडवते. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. सौर वर्षाहून ते अकरा दिवसांनी तोकडं पडतं. ही तूट साचत जाते आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक मास धरून ती भरून काढतात. म्हणजे तेरावा महिना हा आपल्याच मोजणीतली दुरुस्ती असतो. गव्हाला त्याची खबर नसते. गहू सूर्यावर पिकतो. कापणी ते कापणी दिवस तेवढेच राहतात, त्यांची विभागणी बाराने केली काय आणि तेराने केली काय. दुष्काळात अधिक मास आला म्हणून पुढचं पीक एक दिवसही लांबत नाही. मग माणसांना तो इतका भारी का वाटला असेल?

यावर मी जरुरीपेक्षा जास्त विचार केला आहे. महिन्याच्या बोलीवर घेतलेल्या कर्जाला एक जादा महिन्याचं व्याज लागत असेल. महिन्याच्या बोलीवर गडी ठेवला तर त्याचा एक जादा पगार. घरात जावई असेल तर अधिक मासाचं वाण, तेहतीस अनारसे, धोंड्याचं जेवण. तांदूळ, गूळ, तूप हे सगळं नेमकं कोठीच्या तळातून काढायचं. म्हणजे तेराव्या महिन्यात आपली भूक वाढत नाही, देणं वाढतं. आपल्या बारा महिन्यांच्या हिशेबात न धरलेलं कुणीतरी दारात येतं, त्याचा हक्क असतो आणि त्याला नाही म्हणता येत नाही. हे खरं असेल तर ती म्हण धान्य कमी पडण्याबद्दल नाहीच. कोणाकोणाला मोजायचं राहून गेलं, याबद्दल आहे. पण ‘असेल तर’ म्हणावं लागतं. कुणी सांगावं, एखाद्या वाईट वर्षी पंचांग पाहताना एक जादा नाव दिसलं आणि छातीत धस्स झालं, एवढंच त्या म्हणीमागे असेल.

आणि मी राहते ते गाव पानिपत. इथे मराठी माणसाने कोठाराचा विचार केला की तो टाकीपाशी थांबत नाही, १७६१ च्या लढाईपर्यंत जातो.

कुंजपुऱ्याचा किल्ला १७ ऑक्टोबर १७६० ला पडला आणि दोन दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, मराठी फौजेने तिथेच दसरा केला. ही तारीख मी कितीदा तरी वाचली होती. तेराव्या महिन्याचा नाद लागल्यावर तिच्याकडे वेगळी नजर गेली. दसरा इतका उशिरा पडतो तो अधिक मास होऊन गेल्यावर. बोटांवर अमावास्या मोजत मागे गेले, तेव्हा कळलं: शके १६८२, म्हणजे पानिपताचं वर्ष, तेरा महिन्यांचं होतं. पाडव्याच्या तोंडावर सदाशिवरावभाऊ परतूरहून निघाले आणि उन्हाळा सरून पाऊस लागायच्या सुमारास, चंबळेच्या मुलखात, तो जादा महिना त्यांच्या वाटेत आला. याने काही सिद्ध होत नाही. त्या महिन्यामुळे कुणी उपाशी राहिलं नाही. यमुनेचा पूर पंचांगासाठी थांबला नाही की ओसरला नाही. तरी हे कळल्यापासून ते डोक्यातून जात नाही.

कुंजपुरा आमच्यापासून फार दूर नाही. कर्नालच्या पुढे, यमुनेच्या काठाला. तिथे अब्दालीसाठी साठवलेलं धान्य होतं. मराठ्यांच्या हाती ते आयतं लागलं. भाऊंच्या फौजेला त्या मोहिमेत पैशाची चणचण इतकी होती की दिल्लीत दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून रुपये पाडावे लागले होते. त्या वर्षी दसऱ्याला कुंजपुऱ्यात उभं असलेल्या माणसाला पोती बघून काय वाटलं असेल? हिवाळ्याची बेगमी झाली, असंच ना?

मग २५ ऑक्टोबरला अब्दाली बागपतपाशी यमुना उतरून अलीकडे आला आणि मराठे व दिल्ली यांच्या मध्ये बसला. कोठार तेवढंच राहिलं, वाट गेली. पानिपत गावाभोवती खंदक खणून फौज अडीच महिने बसली. दुआबात गोविंदपंत बुंदेले अब्दालीची रसद तोडत होते, तोवर शत्रूच्या गोटातही पीठ महाग होतं. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले आणि पारडं फिरलं. पतियाळ्याचे आलासिंह जमेल तसं धान्य पाठवत होते, तीही वाट आवळली गेली. रात्री चारा-लाकडं आणायला खंदकाबाहेर पडलेले बाजारबुणगे शत्रूच्या गस्तीने कापून काढले. शेवटी हातात रुपया असून शेरभर दाणा मिळेना. तेव्हा सरदार आणि शिपाई भाऊंकडे गेले आणि म्हणाले की दोन दिवस पोटात काही नाही, असं मरण्यापेक्षा लढून मरू. १४ जानेवारी १७६१, बुधवार. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

हे वाचताना मराठी माणूस एका ठिकाणी हटकून थांबतो: लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त होते. बायकामुलं, कारकून, दुकानदार, यात्रेकरू. सुरजमल जाटाने आधीच सल्ला दिला होता, असं इतिहासकार लिहितात, की कबिले आणि जड सामान मागे किल्ल्यांत ठेवा, सडे होऊन लढा. भाऊंनी मानलं नाही. शाळेपासून आपण हे चूक म्हणून शिकतो. हिशेबात ती चूकच आहे. तोंडं कमी असती तर कुंजपुऱ्याचं धान्य जास्त दिवस गेलं असतं, यात वाद कसला?

पण त्या ‘तोंडां’मधलं एक तोंड नाना फडणीसांच्या आईचं होतं. नाना तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे. आई आणि बायको बरोबर. आईला उत्तरेची तीर्थं करायची होती. पेशव्यांची फौज तिकडे जाते आहे, एवढी सुरक्षित सोबत जन्मात पुन्हा कधी मिळणार? म्हणून ती निघाली. नाना जिवंत परतले, आई परतली नाही. नानांनी स्वतःच्या आयुष्याची जी हकिकत लिहून ठेवली तिच्यात हा घाव आहे. आता मी ‘बिनलढाऊ लोकांचा बोजा’ असं छापलेलं वाचते तेव्हा ती बाई दिसते. तिने चंबळेपार माघारी राहावं, हे तिला कुणी आणि कोणत्या तोंडाने सांगायचं होतं? साठवण पुरवायची म्हणजे कुणाला तरी यादीतून वगळायचं. ते कोण वगळतं आणि वगळल्यावर त्याला आपण आपलं म्हणतो का?

माझी ही विचारांची गाडी इथून सरळ पुढे जात नाही. घरापासून थोड्याच अंतरावर असलेल्या रस्त्याकडे वळते. दिल्लीला जाणारा जीटी रोड. २०२० च्या नोव्हेंबरात याच रस्त्याने पंजाब-हरियाणाचे शेतकरी ट्रॅक्टर-ट्रॉल्या घेऊन दिल्लीकडे निघाले, पानिपतच्या टोलनाक्यावर एक रात्र काढून पुढे दिल्लीच्या वेशीवर सिंघूला आंदोलनाला जाऊन बसले. सहा महिन्यांचं रेशन बरोबर आहे, असं ते सांगत. ट्रॉल्यांत पिठाची पोती, डाळ, कांदे, बटाटे, तेलाचे डबे, लाकडं, रजया. सिंघूला बसल्यावर त्यांनी केलं काय, तर लंगर लावला. आपल्याला सहा महिने पुरायचं म्हणून राखलेलं अन्न जो येईल त्याला वाढलं: शेजारच्या कारखान्यांतले मजूर, झोपड्यांतली पोरं, वाट अडवायला आलेले पोलीससुद्धा. कोणत्याही हिशेबाने हे रेशन लवकर संपायला हवं होतं. ते सहा महिने संपले, वर्ष संपलं, आणि ११ डिसेंबर २०२१ ला, म्हणजे तेरावा महिना लागल्यावर, ते उठून घरी गेले. मधल्या काळात गावांतून दूध, पीठ, भाज्या येतच राहिल्या. मागची वाट उघडी होती.

यावरून असं म्हणायचा मोह होतो की वाटत राहिलं की सरत नाही. मी तसं म्हणणार नाही. पानिपतातही शेवटचं धान्य वाटून टाकलं होतं आणि ते सरलं. फरक वाटण्यात होता की वाटेत? दिल्लीच्या वेशीवर बसलेल्यांच्या पाठीशी त्यांची गावं होती. खंदकात बसलेल्यांचं गाव हजार मैल दूर होतं आणि मध्ये शत्रू होता. मग साठवणीचं खरं मोल कशात आहे? टाकीतल्या गव्हात, की टाकी रिकामी झाली तर कुणीतरी पोतं आणून टाकेल या भरवशात? आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या आजी फाळणीत झंगकडून लहानपणी इकडे आल्या. त्या सांगतात, घर सोडलं तेव्हा गव्हाची कोठी काठोकाठ भरलेली होती आणि लोणच्याच्या बरण्यांना नुकतीच फडकी बांधली होती. तिकडून आलेल्या घराण्यांनी लोणच्याची कृती तेवढी डोक्यातून आणली. पानिपतचं पचरंगा लोणचं आज देशभर जातं ते तिकडचंच. कोठी मात्र तिकडेच राहिली. भरून ठेवणं त्यांच्या कामी आलं नाही. तरी त्या आजी दर वर्षी टाकी भरायला लावतात, आणि सुनेने हात आखडता घेतला तर रागावतात.

आणि मी पुन्हा सुरजमलाशी येऊन अडते. ज्याने तोंडं कमी करा म्हणून सांगितलं, तोच माणूस लढाईनंतर डीग-भरतपुराच्या वाटेने आलेल्या हजारो मराठ्यांना जेवू घालत होता. उघडेवाघडे, जखमी, थंडीने गारठलेले लोक. त्याने आणि राणी किशोरीने त्यांना अन्न दिलं, वस्त्रं दिली, औषधपाणी केलं, वाटखर्ची देऊन पुढे रवाना केलं. तो भाऊंपासून आधीच दूर झाला होता. त्याचं धान्य कुठल्याही खंदकात अडकलं नाही, म्हणून ते त्याच्या कोठारात शिल्लक होतं. आपली माणसं आणि आपलं धान्य त्याने मोजून-मापून राखलं, म्हणून देण्याजोगं काही उरलं. आणि ज्यांना त्याने कधी मोजलं नव्हतं त्यांनाच ते दिलं. त्याच्यासारखे सगळेच मोजून वागले असते तर पानिपतात नानांच्या आईसारखी माणसं नसती. ती कुठे असती, मला सांगता येत नाही. भाऊंसारखे सगळेच सगळ्यांना घेऊन निघाले असते, तर वाटेवर भरतपूर नसतं.

शेजारीण उद्या मंडीत जाणार आहे, तिला आकडा हवा आहे. माणशी एक क्विंटल आणि वर एक पोतं, हे मी तिला सांगेन बहुतेक. ते वरचं पोतं एकच का, दोन का नाहीत, आणि दोन असतील तर तीन का नाहीत, याला माझ्याकडे उत्तर नाही. सुरजमलाचा सल्ला मला आजही पटत नाही. पण वेळ आलीच तर त्याच्यासारखं कोठार माझ्या घरात असावं, असं मनापासून वाटतं. एक नाकारून दुसरं मागता येतं का, ते मला कळलेलं नाही.