कोल्ड तुकडा खाली असतो तेव्हा

नव्यानं आमच्या गटात आलेल्या मुलीनं विचारलं, "सर, डीबगरची ही चाचणी साध्या सी प्रोग्रॅमवर का नाही? ड्वार्फ हातानं कशाला लिहायचं?" तिला उत्तर देताना जाणवलं, मी कित्येक वर्षं याच एका अडचणीशी झटतो आहे.

ऑप्टिमायझेशन चढलं की जीसीसी हा कंपायलर फंक्शनमधला क्वचित चालणारा भाग, म्हणजे कोल्ड तुकडा, उचलून दूर ठेवतो. एका मालकाची जमीन दोन गटांत असावी आणि मधे दुसऱ्याचं शेत, तशी गत. मग ड्वार्फमध्ये, म्हणजे डीबगरसाठी लिहिलेल्या माहितीत, लो-पीसी आणि हाय-पीसी या सुरुवात-शेवटाच्या दोन पत्त्यांनी भागत नाही, पत्त्यांच्या रेंजेस लागतात. कोल्ड तुकडा वरच्या पत्त्यावर असेल तर फार बिघडत नाही. तो खाली गेला की 'सर्वांत लहान पत्ता तीच सुरुवात' हे गृहीतक कोसळतं. जीडीबी या डीबगरमध्ये ते वर्षानुवर्षं होतं. ब्रेकपॉइंट कोल्ड तुकड्यात बसायचा आणि प्रोग्रॅम न थांबता संपून जायचा. २०१८ मध्ये ब्लॉकची सुरुवात आणि प्रवेशाचा पत्ता वेगळे केले गेले, तेव्हा ते सुटलं.

साधा सी प्रोग्रॅम घेऊन कंपायलरवर विसंबलं, तर त्याची पुढची आवृत्ती तुकडा पाडेलच असं नाही. चाचणी पास होत राहते आणि तपासत काहीच नाही. अशा चाचण्या हल्ली फार झाल्यात, आणि पासचे आकडे मिरवणाऱ्यांचा मला राग येतो. म्हणून सीमध्ये फू आणि फू_कोल्ड ही दोन सुटी फंक्शनं लिहायची, मधे तिसरं घालायचं, लेबलांनी हद्दी आखायच्या आणि टीसीएलमधल्या ड्वार्फ असेंब्लरकडून वदवायचं, की दोन्ही तुकडे फूचेच. मग ती चाचणी आधी न सुधारलेल्या डीबगरवर चालवायची. तिथं ती फेल झालीच पाहिजे.

तरी एक गाठ उरते. एल्फ फाइलीच्या सिम्बॉल टेबलात फू_कोल्ड हे नाव असतंच. डीबगरनं कुणाचं ऐकावं, ड्वार्फचं की त्या टेबलाचं? बॅकट्रेसमध्ये फू दिसावं, यात वाद नाही. डिसअसेंब्लीत मात्र मला फू_कोल्डच हवं. तिथं फूपासूनचं उणं अंतर, तेही बिनचिन्ह अंकात उलटून अब्जांच्या घरात गेलेलं, वाचणाऱ्याच्या काय कामाचं? यावर मी तासन्‌तास भांडलो आहे.

लेबलांची माझी मांडणी कुणी वाखाणली की मी दिवसभर खुशीत असतो, हेही सांगून टाकतो. त्या मुलीनं ती वाचून दोन लेबलं कमी केली. चाचणी न सुधारलेल्या डीबगरवर तशीच फेल झाली, सुधारलेल्यावर तशीच पास झाली. तिची मांडणी माझ्याहून सरस आहे.

तुमच्याकडे कोल्ड तुकडा वर असलेलीच चाचणी असेल, तर तो खाली असलेली दुसरी आजच लिहा.