चष्मा की लेन्स?

पाहुणे येणार म्हटले की उपवर मुलीला घरातून सूचना मिळते, ‘चष्मा काढून ठेव.’ मग ज्याच्यासोबत जन्म काढायचा, त्याचाच चेहरा तिला धूसर दिसतो.

१९६१ साली ओटो विख्तर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाने मुलांच्या खेळण्यातील सुट्या भागांचे यंत्र करून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घडवली. तिच्यासारख्यांना सोयीचा पर्याय मिळाला. मात्र लेन्स शिस्त मागते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा प्राणवायू मुख्यतः हवेतून घेतो, म्हणून ती लावून झोपू नये. नळाच्या पाण्यात जंतू असू शकतात, म्हणून त्याने ती धुऊ नये. चष्मा धूळ आणि धांदल दोन्ही सोसतो.

निवड तिनेच करावी. पाहुण्यांना आवडावे म्हणून नव्हे, तर स्वतःला स्पष्ट दिसावे म्हणून.