राखीव गडी

आपल्या शाळेच्या वार्षिक अंकासाठीं माजी विद्यार्थ्यांनीं चार शब्द लिहून पाठवावे, असें संपादकांचें पत्र आलें तेव्हां मी बराच वेळ विचारांत पडलों. शाळा सोडून मला पुष्कळ वर्षें झालीं, आणि त्यांतील कित्येक वर्षें नोकरीनिमित्त न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरीं गेलीं. प्रवासवर्णन लिहावें, तर तें आतां कोणालाहि नवें राहिलेलें नाहीं. शेवटीं जी गोष्ट मला अद्यापि मधून मधून टोंचते, तीच लिहावी असें ठरविलें. ती एका खेळाची आहे. तो खेळ आपल्या मैदानावर खेळला जात नाहीं. पण गोष्ट मात्र प्रत्येक शाळेच्या मैदानावरची आहे.

प्रथम माझ्याविषयीं. शाळेंत असतांना मी क्रिकेटच्या संघांत होतों आणि अकरांत माझें नांव नेहमीं असे. आमचा बारावा गडी तीन वर्षें एकच मुलगा होता. तो पाण्याची बादली आणी, आमचें सामान संभाळी, फलकावरचे आंकडे बदली, आणि सामना संपला कीं पिशव्या उचलून आमच्या मागून चाले. त्यालाहि खेळावेंसें वाटत असेल, हा विचार त्या तीन वर्षांत माझ्या मनाला एकदांहि शिवला नाहीं. तो शिवला तीस वर्षांनंतर, आणि तोहि समुद्रापलीकडच्या देशांत.

न्यूझीलंडमध्यें रग्बीला तेंच स्थान आहे, जें आपल्याकडे क्रिकेटला आहे. एका पक्षाचे १५ गडी असतात. चेंडू लांबट, अंडाकृति असतो. तो हातांत घेऊन धांवावयाचें आणि प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवावयाचा. हातानें चेंडू पुढें फेकण्याची मनाई आहे. तो बाजूच्या किंवा मागच्या गड्यालाच द्यावा लागतो. पंधरांपैकीं ८ जण पुढच्या फळींतले, अंगानें भक्कम. दोन्ही पक्षांचे हे आठ आठ गडी खांद्याला खांदा भिडवून रेटा देतात, त्याला स्क्रम म्हणतात. बाकीचे ७ मागच्या फळींतले, पायानें चपळ. आपल्याकडे पावसाळा लागतो त्या सुमारास तेथें हिवाळा सुरू होतो, आणि दर शनिवारीं सकाळीं गांवोगांवचीं ओलीं हिरवीं मैदानें मुलांनीं भरून जातात. ऑकलंडकडे लहान मुलांचे गट वयाप्रमाणें पाडतातच, पण कित्येक गटांना वजनाचीहि मर्यादा घालतात; नाहीं तर किडकिडीत मुलाची धिप्पाड मुलाशीं टक्कर व्हावयाची.

या शनिवारच्या खेळांतून निवडक मुलें घेऊन त्या त्या भागाचा प्रातिनिधिक संघ बनवितात. त्यासाठीं निवडीचे सामने होतात. पाठीवर आंकड्याचा कागद लावलेलीं साठसत्तर मुलें दोन तीन रविवार खेळतात, निवड समितीचे लोक वहींत खुणा करतात, आणि मग यादी लागते. ती यादी वाचणाऱ्या मुलांचे चेहरे ज्यानें एकदां पाहिले, तो ते विसरणार नाहीं.

पहिल्या वर्षीं माझ्या मुलाचें नांव यादींत नव्हतें. त्याचा जन्म नोव्हेंबरांतला, आणि तेथें वयाचें वर्ष १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे जानेवारींत जन्मलेला त्याचा सोबती त्याच्याहून दहा महिन्यांनीं मोठा असूनहि एकाच गटांत. चाळिशींतल्या माणसांत दहा महिने म्हणजे कांहींच नव्हे. बारा वर्षांच्या मुलांत मात्र तेवढ्यांत उंचींत आणि बळांत केवढा तरी फरक पडतो. कॅनडांतील रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यांसह इ.स. १९८५ मध्यें बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासून हेंच दाखवून दिलें कीं, वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा फार असतो. निवड करणारा गुण पाहतों असें समजतो, आणि पुष्कळदां नुसतें वयच पाहत असतो. यादी कागदावर जितकी ठाम दिसते तितकी ती अचूक नसते, एवढें मला तेव्हां कळलें.

दुसऱ्या वर्षीं, इ.स. २०१५ च्या हिवाळ्यांत, मुलाची निवड झाली. संघ २२ मुलांचा होता. पालकांपैकीं कोणी तरी व्यवस्थापक व्हावें लागतें. तें काम माझ्याकडे आलें. पोषाख संभाळणें, पाणी भरणें, आणि कोणता मुलगा केव्हां मैदानांत गेला व केव्हां बाहेर आला याची मिनिटें वहींत टिपणें, हीं माझीं कामें. आमचे कोच व्यवसायानें सुतार होते. दिवसभर कष्ट करून संध्याकाळीं एक पैसाहि न घेतां ते मुलांना शिकवीत. पहिल्या दिवशीं पालकांना ते म्हणाले, “तुमचीं मुलें माझ्याकडे खेळायला आलीं आहेत. प्रत्येक मुलगा खेळेल.” तें वाक्य मला आवडलें, म्हणून मीं तें वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेविलें.

मोसमाच्या अखेरीस दुसऱ्या गांवीं तीन दिवसांचे सामने होते. रोज एक, पन्नास मिनिटांचा. पहिला सामना आम्हीं थोडक्यांत जिंकला. रात्रीं वही पाहिली, तर माझ्या मुलाच्या नांवापुढें ४८ मिनिटें आणि एका लहानखुऱ्या मुलाच्या नांवापुढें ४. मला तें खटकलें; पण मी बोललों नाहीं. कां बोललों नाहीं, तें येथें स्वच्छ लिहितों: माझा मुलगा खेळत होता. त्या मुलाचीं मिनिटें वाढलीं तर तीं कोणाच्या तरी मिनिटांतून जाणार, हा हिशेब मला न मांडतांच कळला होता.

दुसरा सामनाहि आम्ही जिंकलों. संध्याकाळीं धुण्यासाठीं जर्सी गोळा करूं लागलों. एकवीस जर्सी चिखलानें जड झालेल्या होत्या. बाविसावी त्या मुलानें नीट घडी करून माझ्या हातांत दिली आणि म्हणाला, “ही धुवायला नको.” त्या दिवशीं तो एक मिनिटहि खेळला नव्हता.

बाहेर कुंपणापाशीं त्याचे वडील उभे होते. सामोआ बेटांवरून येऊन स्थायिक झालेलें तें कुटुंब. रात्रपाळी संपवून, न झोंपतां, दोन तास मोटार हांकून ते मुलाचा खेळ पाहावयाला आले होते. ते रागावले असते तर मला बरें वाटलें असतें. त्यांनीं हळूच विचारलें, “माझ्या मुलाचें कांहीं चुकतें आहे का? चुकत असेल तर सांगा, मी त्याला समजावीन.” मला उत्तर सुचेना.

त्या रात्रीं मीं हिशेब मांडला. १५ गडी आणि ५० मिनिटें, म्हणजे एका सामन्यांत वांटावयाचीं मिनिटें ७५०. बावीस मुलांना प्रत्येकीं अर्धा सामना, म्हणजे २५ मिनिटें दिलीं, तर ५५० लागतात. उरतात २००. त्यांतून आठ मुलें पूर्ण सामना खेळूं शकतात, आणि राहिलेल्या सात जागांवर चौदा मुलें अर्धा अर्धा वेळ. म्हणजे कोणाला उपाशीं ठेवल्यावांचूनहि संघाचा कणा सबंध वेळ मैदानांत राहतो. वही घेऊन मी कोचांच्या खोलीवर गेलों.

ते बराच वेळ आंकडे पाहत बसले. मग म्हणाले, “उद्यांचा सामना जिंकण्यासारखा आहे. जिंकावें असें सगळ्यांनाच वाटतें, त्या मुलालाहि. शिवाय स्क्रमच्या पहिल्या ओळींत न शिकलेला मुलगा घातला तर मानेला इजा व्हायची. तेथें कोणालाहि उभें करतां येत नाहीं.” दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पहिल्या ओळीसाठीं तयार केलेले जे राखीव गडी होते, त्यांची अदलाबदल त्याच जागांवर करावी, असें आम्हीं ठरविलें. पहिल्या गोष्टीला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मीं वहीचें पहिलें पान उघडून त्यांच्यापुढें ठेविलें. त्यांनीं तें वाचलें, वही मिटली आणि म्हणाले, “हें मीच बोललों होतों, नाहीं का?”

तिसऱ्या दिवशीं बावीसहि मुलें खेळलीं. माझा मुलगा पूर्वार्ध खेळून बाहेर बसला आणि उत्तरार्धांत तो लहानखुरा मुलगा मैदानांत उतरला. त्यानें दोन गडी छान अडविले. शेवटच्या मिनिटांत आम्हीं पांच गुणांनीं पुढें होतों. तेव्हां तिसरा गडी त्याच्या हातून निसटला, रेषेपलीकडे गेला, आणि त्यांच्या सात गुणांनीं आम्हीं दोन गुणांनीं हरलों. कांहीं पालक चिडले. कोच त्यांना एवढेंच म्हणाले, “बावीस नांवें मीं निवडलीं होतीं. हार माझी आहे.”

परततांना मुलानें मोटारींत विचारलें, “बाबा, मला बाहेर बसवा असें तुम्ही सांगितलेंत का?” मीं होय म्हटलें. “आणि आपण हरलों.” “हो.” घरीं येईपर्यंत तो एक शब्दहि बोलला नाहीं. रात्रीं जेवतांना मात्र ताटाकडे पाहत म्हणाला, “त्या बाकावर फार थंडी वाजते, बाबा.”

तो लहानखुरा मुलगा पुढें नामांकित खेळाडू झाला, असें सांगतां आलें असतें तर गोष्ट गोड झाली असती. तसें कांहीं झालें नाहीं. पुढच्या हिवाळ्यांत तो पुन्हा खेळावयाला आला, एवढेंच. पण मला तें लहान वाटत नाहीं. कारण बाकावर बसून कंटाळलेलीं कितीतरी मुलें पुन्हा येत नाहींत. इंग्लंडच्या रग्बी संस्थेनें तर मुलांच्या सामन्यांत संघांतील प्रत्येकाला निदान अर्धा सामना खेळविलाच पाहिजे असा नियम घालून दिला आहे. न्यूझीलंडमध्यें इ.स. २०१९ मध्यें रग्बी, क्रिकेट, फुटबॉल, हॉकी आणि नेटबॉल या पांच खेळांच्या संस्थांनीं मिळून मुलांच्या खेळाची घडी बदलण्याचें जाहीर केलें. आणि त्याच वर्षीं ऑकलंडच्या उत्तरेकडील नॉर्थ हार्बर संघटनेनें लहान मुलांचे प्रातिनिधिक संघच बंद करण्याचें ठरविलें. त्यावर मोठा वाद झाला. निवडच नसेल तर मेहनत कोण करील, असें पुष्कळांचें म्हणणें पडलें, आणि तें अगदींच चुकीचें आहे असें मलाहि वाटत नाहीं.

माझें म्हणणें निवडीच्या विरुद्ध नाहीं. निवड गुणांवरच व्हावी. ज्याचा गुण कमी पडला त्यानें पुढच्या वर्षीं पुन्हा यावें. पण एकदां यादींत नांव घातलें, म्हणजे तें त्या मुलाला दिलेलें वचन झालें, आणि वचन बाकावर बसवून फिटत नाहीं.

आपल्या मुंबईंतीलच एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. इ.स. १९८८ च्या फेब्रुवारींत हॅरिस शील्डच्या सामन्यांत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी मुलांनीं ६६४ धावांची अभंग भागी केली. त्या वेळीं पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार पॅड बांधून वाट पाहत बसला होता. त्याची पाळी आलीच नाहीं. त्यांत कोणाचा अन्याय नव्हता. तोच मुलगा पुढें आपल्या पहिल्या रणजी सामन्यांत २६० धावा काढता झाला, आणि इ.स. २०२५ मध्यें भारतीय महिला संघानें विश्वचषक जिंकला तेव्हां त्या संघाचा कोच तोच होता. ही कथा मुलांना जरूर सांगावी. परंतु राखीव गड्याला खेळूं द्यावें तें तो उद्यां मोठा होईल म्हणून नव्हे. तो कधींच मोठा झाला नाहीं, तरीहि त्याचीं पंचवीस मिनिटें त्याचींच आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील जे नेहमीं पहिल्या अकरांत असतात, त्यांनीं बाराव्याकडे एकदां वळून पाहावें. आणि पालकहो, आपला मुलगा बाहेर बसला म्हणजे आपण सगळेच न्यायाची भाषा बोलूं लागतों. तो आंत असतांना ती आठवते कीं नाहीं, एवढें प्रत्येकानें आपल्या मनाशीं पाहावें. मी स्वतः दोन दिवस ती विसरलों होतों.

आमचा तो बारावा गडी आज कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. कदाचित् त्याचीं मुलें याच शाळेंत शिकत असतील, आणि हा अंक त्याच्या घरीं जाईल. त्यानें हें वाचलें, तर त्याला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, गड्या, त्या तीन वर्षांत मीं तुला एकदां तरी माझ्या जागीं पाठवावयास हवें होतें. मला क्षमा कर.

— एक माजी विद्यार्थी