फर्स्ट बेसवरचा माणूस

आज नगरपालिका नाही, आमदार नाहीत. आज बेसबॉल. हसू नका, वाचा.

'मनीबॉल' सिनेमा बऱ्याच जणांनी पाहिला असेल, ब्रॅड पिटचा. त्यात ओकलंड संघाचा जनरल मॅनेजर बिली बीन हा स्कॉट हॅटेबर्गला फर्स्ट बेसवर उभा करतो. हॅटेबर्ग मूळचा कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा. कोपर दुखावलं, थ्रो गेला. फर्स्ट बेस त्याची जागाच नव्हती. तरी घेतला, कारण बॅटिंगला आला की तो काहीही करून बेसवर पोचायचा. २००२ साली त्या संघानं १०३ सामने जिंकले.

अमेरिकेत हा जुनाच हिशेब आहे. शॉर्टस्टॉप घेताना हात बघायचे, फर्स्ट बेसमन घेताना बॅट. फॅनग्राफ्सच्या आकडेमोडीत पूर्ण मोसम खेळणाऱ्या शॉर्टस्टॉपला नुसत्या जागेच्या साडेसात धावा मिळतात आणि फर्स्ट बेसमनच्या साडेबारा कापल्या जातात. साधारण दहा धावा म्हणजे एक विजय. हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पैसे मोजके असतील तर मीही आधी बॅटच बघेन.

पण त्या जागेचं खरं काम बघा. बाकीचे फिल्डर चेंडू अडवतात आणि पळता पळता फर्स्ट बेसकडं फेकतात. थ्रो वाकडा येतो, पायाशी टप्पा पडतो. बेसवर पाय टेकवून तो मातीतून उचलायचा. उचलला तर फेकणाऱ्याची चूक कुठंच लिहिली जात नाही. सुटला तर 'एरर' बहुतेक वेळा फेकणाऱ्याच्या नावावर. म्हणजे याची कमाई दुसऱ्यांच्या कोऱ्या रकान्यात. ती मोजणार कशी? (आपला एकनाथ सोलकर आठवा. २७ कसोटींत ५३ झेल. निदान झेल तरी नावावर लागतात.)

१९८६ च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. बोस्टन विजेतेपदापासून एका चेंडूवर. फर्स्ट बेसला बिल बकनर, त्या मोसमात १०२ धावा घडवून आणलेला, पण घोटे पार कामातून गेलेले. आधीच्या सामन्यांत आघाडी असली की शेवटी त्याला बसवून डेव्ह स्टेपलटनला आणायचे. त्या रात्री आणलं नाही. साधा सरपटी चेंडू बकनरच्या पायांतून गेला. खरं तर बरोबरी आधीच झाली होती, तीही दुसऱ्यांच्या हातून. पण शिव्या वर्षानुवर्षं बकनरनं खाल्ल्या.

२००४ च्या जुलैत त्याच बोस्टननं नोमार गार्सियापारासारखा लाडका स्टार सोडला. बदल्यात आले शॉर्टस्टॉप ऑर्लांडो काब्रेरा आणि डग मिंटकेविच. मिंटकेविचची बॅट बेताची, हात सोन्याचे. ८६ वर्षांनी बोस्टन जिंकलं तेव्हा शेवटचा चेंडू त्याच्याच ग्लोव्हमध्ये होता.

हे सगळं मला का आठवलं, ते सांगतो.

मी पहिल्यांदा ज्या दैनिकात लागलो तिथं एक मुद्रितशोधक काका होते. त्यांच्या नावावर एकही बातमी नाही. खर्चकपातीत पहिले तेच गेले. मालकांनी विचारलं, "हे नक्की काय आणतात?" आम्ही बातमीदार गप्प बसलो. मीसुद्धा.

दीडेक महिन्यानं मी एका निधनाच्या बातमीत गेलेल्याच्या जागी त्याच्या थोरल्या भावाचं नाव लिहिलं. रात्रीची घाई. काका असते तर फोन करून विचारलं असतं, "अरे, हे तर काल बाजारात भेटले होते मला." बातमी तशीच छापून आली.

सकाळी त्या घरी गेलो. थोरले ओट्यावर बसले होते, हातात आमचा पेपर. आधी मला पाणी दिलं आणि मग विचारलं, "तुमच्याकडं ते वाचून बघणारे होते ना एक, ते कुठं गेले?"