निळा रंग

आमच्या घरी समुद्र आहे. हसू नका, बेळगावातच, शंभर लिटरच्या काचेच्या टाकीत. पोवळी बाळगायला आपल्याकडे कायद्याने बंदी, म्हणून चुनखडीचे दगड, पांढरी वाळू आणि दोन जोकर मासे एवढाच त्यातला संसार. आजोबा गेले त्या वर्षी ही टाकी सोप्यात, त्यांच्या आरामखुर्चीच्या जागी आली.

गेल्या पावसाळ्यात दगडांवर हिरवे केसाळ शेवाळ माजले. शेवाळाचे खत म्हणजे फॉस्फेट. रसायनशास्त्राचा विद्यार्थी या ऐटीत मी पाणी तपासले. मॉलिब्डेट घातले की फॉस्फेट असेल तितका निळा रंग येतो. प्रॅक्टिकलला आपण हेच करतो. लिटरला १ मिलिग्रॅम निघाले! वीस लिटर पाणी बदलले, तेव्हा हिशेबाप्रमाणे ०.८ आले. चार दिवसांनी पुन्हा १. पाणी आरओचे, मीठ चांगले. मग हे येते कुठून?

एका दुपारी तास बुडाला म्हणून लवकर घरी आलो. आज्जी टाकीशी उभी, मुठीत भाताची शिते.

"उपाशी ठेवतोस होय रे त्यांना? तुझ्या चिमटीनं कुणाचं पोट भरतंय?"

रागावणार होतो. पण बाबा ऑफिसात, आई शाळेत, मी इथे. दिवसभर तिला पाहून धावत येणारे ते दोघेच. हे मला तोवर सुचलेच नव्हते. आता रोज सकाळी मी डबीत खाणे मोजून ठेवतो, आणि घालते ती. शिते अंगणातल्या चिमण्यांना.

तरी आकडा लवकर उतरेना. इतके दिवस चुनखडीने फॉस्फेट धरून ठेवले होते; पाण्यातले कमी झाले की वाळू नि दगड ते परत सोडतात. समतोलाचा धडा मी पाठ केला होता, कळला मात्र इथे. फिल्टरमध्ये लोहाच्या ऑक्साइडचे तपकिरी दाणे घातले. ते फॉस्फेट धरतात, भरले की बदलायचे. शेवाळ हाताने उपटले, म्हणजे त्याने खाल्लेलेही बाहेर गेले. चार महिन्यांत ०.३ वर आलो. माशांना, खरे सांगायचे तर, १ नेही काही झाले नव्हते.

रविवारी मी परीक्षानळी उजेडात धरली की आज्जी चष्मा लावून शेजारी येते. परवा रंग जरा गडद आला. तिने आधी डबीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"एकच शीत घातलं होतं बघ," ती म्हणाली.