हाडाला कॅलेंडर कळत नाही

मोटोजीपी बघणाऱ्यांना एक किस्सा तोंडपाठ असतो. २०१३, नेदरलँड्समधलं असेन. गुरुवारच्या सरावात होर्हे लोरेन्झो ओल्या ट्रॅकवर पडला आणि डावं कॉलरबोन मोडलं. त्याच रात्री विमानाने बार्सिलोना, ऑपरेशन, टायटॅनियमची पट्टी, स्क्रू, आणि परत असेन. शनिवारी पठ्ठ्या रेसला हजर, आणि चक्क पाचवा! भारीच ना?

गंमत म्हणजे किस्सा सांगणारे सगळे इथेच थांबतात. दोन आठवड्यांनी जर्मनीत साक्सनरिंगला तो पुन्हा त्याच खांद्यावर पडला, पट्टी वाकली, पुन्हा ऑपरेशन आणि रेस हुकली. वर्षअखेरीला जेतेपद गेलं, ३३४ विरुद्ध ३३०. अवघे ४ गुण!

तो ज्याच्याकडे गेला, त्या मार्क मार्केझची गोष्ट याहून वाईट. १९ जुलै २०२० ला स्पेनमध्ये हेरेसला त्याचा उजवा दंड मोडला. मंगळवारी ऑपरेशन, आणि पुढची रेस त्याच ट्रॅकवर त्याच रविवारी. डॉक्टरांपुढे पुश-अप्स काढून दाखवले, परवानगी मिळाली. शनिवारी गाडीवर बसला, पण जमेना म्हणून माघार घेतली. ऑगस्टमध्ये घरी दार उघडताना दंडातली पट्टीच तुटली. दुसरं ऑपरेशन. डिसेंबरमध्ये तिसरं, त्यात हाडात इन्फेक्शन सापडलं. २०२२ मध्ये अमेरिकेत चौथं, कारण हाड जुळलं होतं ते सुमारे ३० अंश फिरून!

आमच्या भाषेत सांगायचं तर पट्टी म्हणजे वर्कअराउंड. हाड जुळेपर्यंत भार तिने पेलायचा, आणि जुळायला आठवडे काय, महिने लागतात. तोवर धातूवर पुन्हा पुन्हा ताण आला तर तो थकतो, तुटतो. पुश-अप्सनी फार तर एवढंच कळतं, की आज हात हलतोय. किमान १५७ किलोची गाडी ३०० च्या वेगावरून ब्रेक मारून थांबवताना काय होईल, ही टेस्ट वेगळीच. युनिट टेस्ट पास झाली म्हणून लोड टेस्ट झाली असं आपण कधी म्हणतो का?

चौथ्या ऑपरेशननंतर मात्र तो थांबला. जूनमध्ये ऑपरेशन, रेस थेट सप्टेंबरात. पुढे २०२५ मध्ये जपानला मोटेगीत तो पुन्हा जगज्जेता झाला, २०१९ नंतर पहिल्यांदा. पुढच्याच रेसमध्ये, इंडोनेशियात, उजवा खांदा दुखावला, तेव्हा उरलेल्या चारही रेस त्याने सोडल्या. जेतेपद खिशात असताना थांबणं सोपं असतं म्हणा.

पण आपल्याकडे तर जेतेपदही नसतं. तरीही सलाईन लावलेल्या हाताने लॉग-इन करणाऱ्याचं टीम मीटिंगमध्ये कौतुक होतं. डेंग्यूतून उठून चौथ्या दिवशी रिलीजला बसलेला माणूस 'कमिटेड' ठरतो. पुढे दोन महिने तो जिना चढताना का धापा टाकतो, हे कोणी विचारत नाही. टाळ्या शनिवारी वाजतात हो, बिल नंतर येतं. आणि ते टाळ्या वाजवणाऱ्याच्या नावावर येत नाही.

असो. कोणाला ताप असेल तर सोमवारी खुशाल दांडी मारा. रिलीज काय, पुढच्या महिन्यातही असतेच.